टेस्ट कुठे कडक ठेवायची, कुठे सैल सोडायची

इंदूरच्या एखाद्या नमकीन दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या आहेत असं धरू. पहिला मोह होतो तो अख्खं बिल एका फटक्यात जुळवून पाहण्याचा: बिल नंबर, वेळ, ग्राहकाचा फोन आणि कर, सगळं एकत्र. मग कुणी बिलावर क्यूआर कोड छापायला घेतला की कराच्या टेस्टही लाल (नापास) होतात, कर बरोबर असूनही. असं वारंवार झालं की टीम लाल रंगाकडे बघणंच सोडते. उलट ‘एकूण रक्कम शून्यापेक्षा जास्त’ एवढंच पाहणारी टेस्ट कर दुप्पट लागला तरी हिरवी (पास) राहते.

म्हणून आधी नियम एका वाक्यात लिहा आणि तेच टेस्टला नाव द्या: ‘माल मध्य प्रदेशाबाहेर गेला तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) लागतो’. या वाक्यात जे आहे तिथे टेस्ट पूर्ण कडक, जे नाही त्याबद्दल ती गप्प.

320 रुपये किलोची शेव 250 ग्रॅम, म्हणजे 80 रुपये. 300 रुपये किलोची दालमोठ 500 ग्रॅम, म्हणजे 150. बेरीज 230, दर 5 टक्के. पत्ता इंदूरचा असेल तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 5.75 आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) 5.75, बडोद्याचा असेल तर आयजीएसटी 11.50. दोन्हीकडे एकूण 241.50 च येतात, त्यामुळे फक्त एकूण तपासून हा नियम तपासला जात नाही. बडोद्याच्या टेस्टमध्ये सीजीएसटी आणि एसजीएसटी शून्य आहेत हेही तपासा, नाहीतर तिन्ही कर एकदम लावणारा कोड पास होईल.

11.50 हा आकडा टेस्टमध्ये थेट लिहा. मूळ कोडमधलंच सूत्र तिथे पुन्हा लिहिलं तर सूत्रातली चूकही सोबत येते. शेजारी ‘230 चे 5 टक्के’ एवढी टिप्पणी पुरते. शक्यतो पैसे पूर्णांकात ठेवा, म्हणजे 1150 पैसे. पायथनच्या पायटेस्ट या टेस्टच्या साधनातलं ‘अप्रॉक्स’ (जवळपास सारखे आकडे समान धरणारी तुलना) इथे नकोच: त्याची ठरलेली सूट दहा लाखांत एक असते, म्हणजे एक कोटीच्या बेरजेत दहा रुपयांची चूक खपून जाते.

टेस्टसाठी नमुना बिल तयार करणारं हेल्पर फंक्शन जरूर बनवा. फोन, बिल नंबर वगैरे त्याने भरावं. पत्त्याचं राज्य मात्र टेस्टमध्येच दिसलं पाहिजे. ते हेल्परमध्ये दडलं तर आयजीएसटी का आला हे कळायला वाचणाऱ्याला दुसरी फाइल उघडावी लागते.

वेळेच्या बाबतीत ढिलाई फार महागात पडते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मध्यरात्रीनंतरही बिलं फाटतात. 31 मार्चची मध्यरात्र उलटून 1 एप्रिल 2026 लागल्यावर साडेबारा वाजता झालेलं बिल यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) चालणाऱ्या सर्व्हरच्या लेखी 31 मार्चच्या संध्याकाळी सातचं असतं, म्हणजे आर्थिक वर्षच बदलतं आणि त्याबरोबर बिलाच्या नंबरांची मालिकाही. इथे टेस्टमधलं घड्याळ त्या क्षणावर गोठवा आणि वर्ष 2026-27 आहे हे नेमकं तपासा. इतर टेस्टमध्येही घड्याळ गोठवलेलंच असू द्या, पण तारीख तपासत बसू नका.

जेस्ट (जावास्क्रिप्टसाठीचं टेस्टचं साधन) वापरत असाल तर त्यातली ‘टूइक्वल’ ही तुलना अनडिफाइन्ड (न ठरवलेली) किंमत असलेली फील्ड मोजत नाही. फील्ड असणं-नसणं हाच नियम असेल तेव्हा ‘टूस्ट्रिक्टइक्वल’ घ्या. काही मोजकीच फील्ड पाहायची असतील तर ‘टूमॅचऑब्जेक्ट’ वाचायला सोपं जातं. बिलातल्या वस्तूंचा क्रम नियमात नसेल तर क्रमावर अडून बसू नका. चूक झाल्यावर येणाऱ्या संदेशाचे शब्द तपासण्यापेक्षा त्या चुकीचा एरर कोड तपासा. अख्ख्या पानाचे स्नॅपशॉट (पान जसंच्या तसं साठवून पुढच्या वेळी त्याच्याशी जुळवणं) आम्हाला पटत नाहीत: दिसायला ते सर्वांत कडक, पण शेकडो ओळींचा फरक कुणी वाचत नाही, सरळ अपडेट करून टाकतात.

टेस्ट हिरवी झाली की कोड मुद्दाम मोडा. राज्य तपासणारी अट उलटी करा आणि टेस्ट चालवा. कराच्या टेस्ट लाल व्हायला हव्यात, आर्थिक वर्षाची हिरवीच राहायला हवी. मग लाल संदेश वाचा. पायथनच्या युनिटटेस्टमध्ये ‘असर्टट्रू’च्या आत तुलना लिहिली असेल तर ‘फॉल्स इज नॉट ट्रू’ एवढंच छापून येतं. ‘असर्टइक्वल’ दोन्ही आकडे दाखवतं. संदेशात 0 आणि 1150 शेजारी-शेजारी दिसले, वर टेस्टचं नाव दिसलं, तर कोड न उघडताही बिघाड कुठे आहे ते सांगता येतं. ते सांगता येत नसेल तर आधी टेस्ट दुरुस्त करा, मगच मोडलेला कोड पूर्ववत करा.