घरात अल्झायमरचं माणूस असल तर काय करायचं अन काय नाही

डेअरीचा सगळा हिशोब तोंडी ठेवणारा माणूस शंभर-दोनशे मोजताना अडखळायला लागला, जन्मभर ज्या पांदीनं शेतात गेला तिथंच वाट चुकला, जेवून हात धुतला की लगेच "मला कुणी जेवायला दिलं नाही" म्हणायला लागला, तर तो अल्झायमर, म्हणजे हळूहळू आठवण नेणारा मेंदूचा आजार, असू शकतो. म्हातारचळ लागलाय म्हणून सोडून देऊ नका अन बाहेरचं काही असल म्हणून अंगारे-धुपारे करत बी बसू नका. मेंदूच्या नाहीतर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. लातूर, नांदेड, अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे, तिथून सुरुवात केली तरी चालतं.

जाताना एक कागद लिहून न्या. कधीपासून सुरू झालं, आधी काय काय जमायचं, आता काय जमंना, अन सध्या कोणत्या गोळ्या चालूयत ते. झोपेच्या, खाजेच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी बी म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं करतं म्हणून सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्यायची. डॉक्टर बी१२, थायरॉईड, शुगर, सीटी नाहीतर एमआरआय लिहून देतील, तेव्हा "कशाला एवढा खर्च" म्हणू नका. बी१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन खचलं किंवा मागं कधी पडून डोक्यात हळूहळू रक्त साचलं तरी असंच दिसतं अन त्याच्यावर इलाज असतो. आपल्याकडं माळकरी घरं जास्त, अंडं-मटण वर्ज्य, त्यामुळं बी१२ तर बघाच. अजून एक, ते तारीख-वार विचारायची, आकडे वजा करायला लावायची टेस्ट घेतात ना, त्यात शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला आजार नसताना बी मार्क कमी पडतात, म्हणून शिक्षण किती झालंय ते आधीच सांगायचं.

अल्झायमर निघालाच तर डोनेपेझिलसारखी गोळी देतात. तिनं आजार बरा होत नाही, काहीजणांना काही काळ जरा बरं जातं एवढंच. जुलाब, भूक मरणं, नाडी मंद होणं असं काही दिसलं तर डॉक्टरला कळवा, मनानं बंद करू नका.

आता खरं घरातलं. माझं म्हणणं एकच आहे, त्यांना समजावण्यात जी ताकद जाते ती घर बदलण्यात घाला. या आजारात नवं लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग आधी जातो, जुनं लई दिवस टिकतं. त्यामुळं सकाळचा चहा आठवत नाही पण ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवते. आमच्या आत्याबाई पहाटेच उठून "भुई हालायली, लेकरं बाहेर काढा" म्हणत सगळ्यांच्या अंगावरची पांघरुणं ओढायच्या. पंच्याऐंशीच्या पुढची काही माणसं निजामाचे रझाकार आले म्हणून भरदुपारी दाराला कडी घालतात. त्यांना "अहो ते १९४८ ला संपलं" असं सांगून काय उपयोग, त्यांच्यासाठी ते आत्ता चालूय. "चला, मी बी येते बाहेर" म्हणायचं, अंगणात बाजेवर बसायचं, हातात कपभर चहा द्यायचा, थोड्या वेळानं भुई हालायची थांबते. हे खोटं बोलणं नाही का असं मला आमच्या जाऊबाई विचारायच्या. असल, पण घाबरलेल्या माणसाला खरं पटवून देण्यात काय पुण्य आहे ते मला तरी कळलं नाही.

दिवेलागणीला बेचैनी वाढते, "मला गावाकडं सोडा" सुरू होतं, गावातच बसलेलं असताना. अंधार पडायच्या आधीच लाईट लावा, बातम्यांचा आरडाओरडा बंद करा, आरशातल्या माणसाला भीत असतील तर आरसा झाका, अन लाईट जाते म्हणून एक चार्जिंगचा बल्ब त्यांच्या खोलीत कायमचा ठेवा.

फवारणीचं औषध. हे मोठ्यानं सांगते कारण आपल्याकडं अर्ध्या घरात ते पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत खाटंखाली पडलेलं असतं. कुलपात घाला, आजच. गॅसचा रेग्युलेटर काम झालं की बंद, संडास-बाथरूमची आतली कडी काढून टाका, कोयता-विळा नजरेआड, विहिरीला कठडा नसल तर त्या बाजूला एकट्यानं जाऊ देऊ नका.

घरातून निघून जाणं होणारच असं धरून चाला. बंडीच्या आतून, लुगड्याच्या काठाला कापडी पट्टी शिवून तिच्यावर घरचा फोन नंबर लिहा, खिशात ठेवलेली चिठ्ठी ते फेकून देतात. चौकातला चहावाला, रिक्षास्टँड, एसटी स्टँडचा कंट्रोलर यांना आधीच सांगून ठेवा, यात लाजायचं काही नाही, कारण माणूस लाल परीत बसला की कुठंबी उतरू शकतो. हरवलं तर उद्यापर्यंत वाट बघू नका, लगेच ११२ ला फोन अन ताजा फोटो पोलिसांना द्या.

"आंघोळ करता का?" असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. "पाणी काढलंय, चला" म्हणायचं, बादली-तांब्या तोच, वेळ तीच. जेवणात भाकर दुधात नाहीतर वरणात कुस्करून द्या, पुढं पुढं गिळायला त्रास होतो तेव्हा ताठ बसवूनच भरवा. उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत त्यांना तहान लागल्याचं कळत नाही, डॉक्टरनं पाणी कमी सांगितलं नसल तर तासा-दोन तासाला घोट घोट पाजत राहा. अन काल बरं असलेलं माणूस आज एकदम बरळायला लागलं, झोपून राहायला लागलं, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं, पडून लागलेलं असणं असलं काहीतरी असतं, त्याच दिवशी दवाखाना.

कागदपत्रं लवकर करा. मृत्युपत्र, बँकेचं जॉइंट खातं, नॉमिनी हे माणसाला समजतंय तोवरच होतं. साधं कुलमुखत्यारपत्र त्याची समज गेली की कायद्यानं टिकत नाही अन मग सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात भेटतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं सगळ्यात अवघड. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन जोडी निघते अन म्हातारं माणूस गावात मागं राहतं. अशा वेळी जायच्या आधीच आशाताईला अन शेजारच्या एका घराला नीट सगळं सांगा, गोळ्या त्या घरी ठेवा, सरपंचाच्या कानावर घाला. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन १४५६७ आहे. अन सांभाळणाऱ्याचंच डोकं फिरायला लागलं तर टेलिमानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन १४४१६, तिथं मराठीत बोलतात, रात्री बी.

कारण हे सगळं बहुतेक घरात एकटी सूनच करायलेली असते. पुण्याचे दीर दिवाळीला येतात, आबा पाहुण्यांसमोर तास-दोन तास एकदम झकास बोलतात (हे खरंच होतं, नवं माणूस दिसलं की तेवढा वेळ ते सावरून घेतात), अन दीर म्हणतात "वहिनी, आबा तर चांगले बोलायलेत, तुम्हीच वाढवून सांगता". त्यांच्याशी वाद घालू नका. माहेरचं एखादं लग्न काढा, गोळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवा, दाराच्या वरच्या कडीची जागा दाखवा, अन चार रात्री आबांना दिरांच्याच ताब्यात देऊन जा. फोन आला तर दुसऱ्या रिंगला उचला, पण लगेच परत निघू नका.