सेकंडहँड टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन) बघायला जाताना

चोर बाजारात घ्या नाहीतर घोडबंदरला कुणाच्या घरून घ्या, सगळ्यात आधी मशीनच्या मागची पाटी वाचायची. भाव विचारायच्या आधी, गाणं लावायच्या आधी. आणि मशीन उलटं करू नका, प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, निसटून पडेल, मागे वाकून टॉर्च मारून वाचा. व्होल्ट सगळेच बघतात, त्याच्या शेजारचे हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बघा, मागच्या वेळी माझं नेमकं तेच राहिलं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आलेलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. विकणारा म्हणेल ट्रान्सफॉर्मर लावा, चालेल. चालतं हो, पण हळू चालतं! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही, आणि बेल्टने प्लॅटर फिरवणाऱ्या बऱ्याच जुन्या मशीनमधल्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरतो. मग एलपीला (मोठ्या रेकॉर्डला) मिनिटाला ३३⅓ च्या जागी जेमतेम २८ फेरे, म्हणजे सूर उतरून काळी चारमधलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकायचं. नवीन माणसाला वाटतं रेकॉर्डच अशी असेल. जपानी असेल तर १०० व्होल्ट, आणि तिथे अर्ध्या देशात ५० हर्ट्झ, अर्ध्यात ६०, त्यामुळे जपानी आहे म्हणजे चांगलंच एवढ्यावर जाऊ नका, पाटी वाचा.

पाटी पुसली असेल तर प्लॅटरच्या कडेला कागदी टेपचा तुकडा चिकटवा, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि फेरे मोजा. ३३ आले तर ठीक. २८च्या आसपास आले तर पुली (मोटरवरची बेल्ट फिरवणारी चाकी) बदलून मिळते का विचारा, मिळत नसेल तर सरळ उठा, कितीही सुंदर दिसत असलं तरी. डायरेक्ट ड्राइव्ह क्वार्ट्झवाल्यांना (बेल्ट नसतो, मोटरच प्लॅटर फिरवते, वेग क्वार्ट्झ सांभाळतो) हर्ट्झचा त्रास नाही, व्होल्टचा आहेच.

सुई जुनीच असणार, नवीन सुईचे पैसे धरूनच भाव करा. पण त्या कार्ट्रिजची (सुई ज्यात बसते तो भाग) सुई आज मिळते का हे तिथेच उभं राहून ऑनलाइन शोधा. आजीच्या लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्ड घरात असतील तर एलपीची सुई त्यांच्यावर चुकूनही ठेवू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हलकेच आडवा हलवा, खडखडला किंवा अडकला तर नको. त्याच्या मागच्या टोकाचं वजन जागेवर आहे ना? ते हरवलेलं असेल तर त्याच मॉडेलचं मिळवताना जीव जातो. बेल्ट सैल असेल तर घाबरू नका, बदलता येतो. झाकणाला चरे, चालतंय.

घरच्या अँपला (अँप्लिफायरला) फोनो लिहिलेली जागा आहे का बघून ठेवा, नसेल तर फोनो प्रीअँप (सुईचा बारीक आवाज वाढवणारा डबा) वेगळा घ्यावा लागेल, नाहीतर आवाज इतका बारीक येईल की मशीन बिघडलंय असं वाटेल. गुणगुण येत असेल तर मशीनची अर्थची वायर अँपला जोडा.

घरी आणताना प्लॅटर आणि वजन काढून वेगळं गुंडाळा, आर्म बांधा, सुईला कव्हर. संध्याकाळच्या ठाणे लोकलने अजिबात नको. घरी सपाट जागा, स्पीकर त्याच टेबलावर नको, पावसाळ्यात झाकून. आणि पैसे देण्याआधी परत एकदा, हर्ट्झ बघितले का?