जुन्या बुलेटची ऑइल गळती: पॅकिंग बदलण्याआधी काय पाहावे आणि राहून गेलेली कामे कशी उरकावीत

"बुलेट म्हटली की गळणारच" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की अनेक मालक गाडीखाली कायमचा पुठ्ठा अंथरतात आणि तो विषय तिथेच सोडून देतात. मला हे वाक्य मान्य नाही. कास्ट आयर्न इंजिनाची ३४६ सीसी बुलेट कोरडी राहू शकते. मात्र त्यासाठी ऑइल कुठून बाहेर येते यापेक्षा ते बाहेर का ढकलले जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तो न विचारता नवे पॅकिंग बसवले आणि वरून सीलंट थापला, तर गळती महिनाभर थांबते आणि नंतर दुसऱ्या जागेवरून सुरू होते.

पुढील माहिती उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, वेगळा चार-गिअरचा गिअरबॉक्स आणि सीबी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक स्विच) असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या नंतरच्या बुलेटची रचना वेगळी असल्याने टॅपेट (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतील मोकळीक बसवण्याची जागा), ऑइलची पातळी आणि प्रायमरी (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन व तिचे कव्हर) यांविषयीच्या येथील सूचना तिला लागू करू नयेत.

आधी धुणे, मग शोधणे

वर्षानुवर्षे साचलेली काळी चिकट माती इंजिनावर तशीच ठेवून गळतीची जागा सांगता येत नाही. ऑइल वरून खाली उतरते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे रॉकर कव्हरमधून पाझरलेला थेंब सिलिंडरच्या पंखांवरून ओघळत क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या, मागच्या कडेला जाऊन टपकतो आणि दोष तळाच्या बोल्टाला दिला जातो. म्हणून थंड इंजिन मधल्या स्टँडवर घेऊन, मोकळ्या हवेत, रॉकेल किंवा डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश वापरून ते पूर्ण धुवावे. कार्बोरेटरचे तोंड आणि सीबी पॉइंटचे झाकण प्लॅस्टिकच्या पिशवीने आधी बांधून घ्यावे. पंखांच्या मधली माती बांबूच्या काडीने काढावी, साबणाच्या पाण्याने शेवटचा हात फिरवावा आणि गाडी उन्हात खडखडीत वाळू द्यावी.

त्यानंतर सांध्यांवर अंगाला लावायच्या टाल्कम पावडरीचा पातळ थर उडवावा. गाडी सुरू करून पाच-सात किलोमीटर सावकाश फिरवून आणावी आणि लगेच बॅटरीच्या उजेडात पाहावे. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ पेन्सिलीने काढल्यासारखी दिसते, आणि त्या रेघेचे सर्वांत वरचे टोक हीच गळतीची खरी जागा असते. एकाहून अधिक रेघा दिसल्या तर सर्वांत वरच्या रेघेपासून काम सुरू करावे, कारण खालच्या काही रेघा तिचेच ओघळ निघतात.

ऑइलची पातळी आणि ब्रीदर

या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी दिसत नसली तरी ती क्रँककेसच्या ओतकामातच घडवलेला एक स्वतंत्र कप्पा असते. एक पंप त्या टाकीतून ऑइल उचलून बिगएंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील बेअरिंगकडे) पाठवतो आणि दुसरा, जास्त क्षमतेचा पंप क्रँकच्या तळाशी जमलेले ऑइल पुन्हा टाकीत आणून टाकतो. गाडी काही दिवस किंवा आठवडे उभी राहिली की टाकीतील ऑइल पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या तळाशी उतरते. अशा वेळी डिपस्टिक काढली तर ती कोरडी दिसते, मालक घाबरून अर्धा लिटर ऑइल ओततो, आणि गाडी सुरू होताच परतीच्या पंपाने सगळे ऑइल टाकीत आणल्यावर जास्तीचे ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आणि मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. अशी गळती मी जितक्या गाड्यांवर पाहिली आहे, तितकी फाटलेल्या पॅकिंगमुळे झालेली पाहिलेली नाही. या प्रकारात पॅकिंगचा काहीही दोष नसतो.

म्हणून ऑइल नेहमी दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून आल्यावर, ती मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, दोन-तीन मिनिटे थांबून मोजावे. गाडी फार दिवस उभी असेल आणि डिपस्टिकला काहीच लागत नसेल, तर ऑइल ओतण्याऐवजी तळाचे ड्रेन बोल्ट काढून सगळे ऑइल एका मापाच्या भांड्यात उतरवावे. सव्वादोन लिटरच्या आसपास ऑइल निघाले तर ते कमी झालेले नव्हते, फक्त जागा बदलून बसले होते, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनाच्या तळाशी एकाहून अधिक बोल्ट असतात आणि एकच काढला तर निम्मे जुने ऑइल आत राहते, हेही लक्षात ठेवावे.

आता ब्रीदर. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकने पिस्टन खाली येतो, तेव्हा क्रँककेसमधील हवा दाबली जाते आणि ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडणे आवश्यक असते. नळीच्या टोकाला असलेले रबरी तोंड हवा बाहेर जाऊ देते, पण आत येऊ देत नाही. हे रबर कडक होऊन चिकटले, नळी दुमडली किंवा कोणीतरी "इथून ऑइल येते" म्हणून ती बंदच करून टाकली, तर दाब वाढतो आणि इंजिन सर्वांत कमकुवत सांध्यातून श्वास सोडते. नळी काढून स्वच्छ करावी आणि रबरी तोंडाची परीक्षा फुंकून करावी: इंजिनाच्या बाजूने फुंकले की हवा गेली पाहिजे, उलट ओढले की अडली पाहिजे. ते तडकलेले असेल तर बदलावे. त्याची किंमत इतर कोणत्याही दुरुस्तीच्या तुलनेत नगण्य असते.

ब्रीदर मोकळा असूनही नळीतून सतत निळसर धूर आणि ऑइलचे तुषार येत असतील, किक सहज खाली जात असेल आणि सायलेन्सरमधूनही निळा धूर दिसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. अशा वेळी कव्हरची पॅकिंग बदलण्यात पैसे घालवू नयेत, आधी बोअरचे काम करून घ्यावे.

जागेवरची दुरुस्ती

कारण दूर केल्यावरही काही सांधे पाझरत राहतात आणि तिथे हात घालावाच लागतो. रॉकर कव्हर आणि सिलिंडरच्या उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर ही नेहमीची ठिकाणे आहेत. टॅपेट कव्हर एकाच नटावर बसते. गळती दिसली की लोक तो नट आणखी आवळतात, कव्हर मध्ये दबते, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. कव्हर काढून त्याचा चेहरा जाड काचेवर ठेवून पाहावा. कडेखालून कागद सरकत असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अंथरून, त्यावर थोडे ऑइल टाकून, कव्हर इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासावे. सुरुवातीला फक्त उंच भाग चमकतात, मधले खड्डे काळेच राहतात. संपूर्ण कडेवर एकसारखा फिका पट्टा उमटला की थांबावे. जुने पॅकिंग खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे कायम गळत राहतो. पितळी पट्टी किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो.

चेहरा सपाट असेल तर नव्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हात पुरेसा असतो. सीलंट लावायचाच असेल तर तो बोटाने पुसून काढल्यासारखा पातळ लावावा. माझ्या गाडीचे इंजिन एकदा एका गॅरेजमधून 'कोरडे' होऊन आले आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी फिल्टरच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या गाळणीवर) रबरासारखे लाल तुकडे चिकटलेले सापडले. बाहेर दिसणाऱ्या सीलंटइतकाच सीलंट आतही दाबला जातो. तो सुटून ऑइलच्या वाटेत अडकला, तर बिगएंडची किंमत मोजावी लागते. टायमिंग कव्हरच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण ऑइलचे मार्ग त्याच कव्हरमधून जातात आणि पॅकिंगची भोके त्या मार्गांशी तंतोतंत जुळली पाहिजेत.

रॉकरला ऑइल नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या बोल्टाखाली तांब्याचे वायसर असतात. एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते आणि पुन्हा नीट बसत नाही. नवे वायसर मिळत नसतील तर जुने वायसर तारेत ओवून गॅसवर लालबुंद होईपर्यंत तापवावेत आणि पाण्यात टाकावेत. तांबे पुन्हा मऊ होते. वरची काळी पापुद्री घासून काढून मग बसवावेत.

हेड आणि सिलिंडरच्या सांध्यातून उजवीकडे ओल दिसत असेल, तर ते ऑइल बहुधा पुशरॉडच्या (टॅपेटपासून वर रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) वाटेतून आलेले असते. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळून पाहावेत. तेवढ्याने थांबले नाही तरच हेड उतरवावे.

डावीकडील प्रायमरी कव्हरचीही कथा टॅपेट कव्हरसारखीच आहे: मधोमध एक मोठा नट आणि कडेला रबरी सील. फुटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल काढून कव्हर उतरवावे, खाली ट्रे ठेवायला विसरू नये. रबराची खाच स्वच्छ करून नवे सील ग्रीसने जागेवर चिकटवावे आणि कव्हर टेकेपर्यंतच नट आवळावा. ऑइल लेव्हलच्या बोल्टापर्यंतच भरावे. हे ऑइल आपोआप वाढू लागले, तर क्रँकच्या डाव्या बाजूचे सील गेले आहे असे समजावे, कारण इंजिनाचे ऑइल तिथून प्रायमरीत येते. झाकण उघडे असतानाच प्रायमरी चेनचा ताण तपासावा; वर-खाली मिळून साधारण ६ मिलिमीटर ढील ठीक असते, पण चेन फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावी आणि सर्वांत घट्ट जागेचे माप धरावे.

गिअरबॉक्समधून मागच्या स्प्रॉकेटकडे गळणारे ऑइल मात्र कधीही पुढे ढकलू नये. ते चेनवर येते, चेनवरून उडून मागच्या टायरपर्यंत पोहोचते आणि पावसात वळणावर जिवाशी खेळ होतो. गळती लपवण्यासाठी गिअरबॉक्समध्ये बेअरिंगचे घट्ट ग्रीस भरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे; गिअर त्या ग्रीसमध्ये चर पाडतात, ग्रीस परत वाहून येत नाही आणि दात कोरडे फिरतात. सील बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.

राहून गेलेली कामे

इंजिन उघडलेलेच असताना टॅपेट बसवून घ्यावेत. इंजिन थंड असावे, प्लग काढलेला असावा आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असावा. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. लॉकनट आवळताना माप हमखास बिघडते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा फिरवून पाहावे. सीबी पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे आणि पॉइंटच्या आतल्या बाजूस ऑइल आढळले तर मागचे सील बदलावे.

ऑइल बदलताना नमद्याचा फिल्टरही नवा घालावा आणि काढताना स्प्रिंग व वायसरांचा क्रम कागदावर मांडून ठेवावा. मोबाइलवर काढलेला फोटो त्याहून चांगला. २०डब्ल्यू-५० ऑइल भरून इंजिन सुरू करावे, टाकीचे झाकण उघडून आत पाहावे. परतीचे ऑइल थोड्याच वेळात उसळत येताना दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर इंजिन ताबडतोब बंद करून फिल्टरची जोडणी तपासावी. उतरवलेले जुने ऑइल गटारात ओतू नये. गॅरेजमधून ते ड्रममध्ये गोळा केले जाते, तिथेच द्यावे.

बाकीची कामे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. मागच्या चेनला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर ढील ठेवावी. फोर्कचे ऑइल दोन्ही पायांत सारख्या मापाने बदलावे. क्लच आणि ब्रेकच्या केबलचा एकही धागा तुटलेला दिसला तर ती लगेच बदलावी. टायरची नक्षी शिल्लक असली तरी बाजूच्या चार आकड्यांवरून त्याचे वय पाहावे. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

सगळे बसवून झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, उघडलेल्या प्रत्येक कव्हरचे नट पुन्हा हलक्या हाताने तपासावेत, कारण नवे पॅकिंग तापून थोडे बसते. त्या रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा आणि त्यावर पुढच्या व मागच्या चाकाची जागा खुणेने लिहावी. सकाळी डाग पडला असेल तर त्याच्या थेट वर पाहावे: पुढचा डाग इंजिनाच्या तळाचा, डावीकडचा प्रायमरीचा आणि मागचा गिअरबॉक्सचा किंवा ब्रीदरच्या नळीचा असण्याचा संभव अधिक असतो. नळीच्या तोंडाखालचा एखादा थेंब चालतो, तो श्वासाबरोबर आलेला असतो. इतर कुठलाही डाग दिसला तर पावडरीचा डबा पुन्हा बाहेर काढावा.