वॉर्डात पेशंटचं दुखणं कसं सांभाळायचं, नव्या सिस्टरांसाठी

मी मुंबईत महापालिकेच्या, प्रायव्हेट आणि कॅन्सरच्या अशा तीनही हॉस्पिटलांत ड्युटी केलीये. सगळीकडे एक गोष्ट सारखी, विचारल्याशिवाय पेशंट बोलत नाही. "सिस्टर आधीच धावपळीत आहेत, कशाला त्रास द्या" म्हणून काकू रात्रभर दात आवळून पडून राहतात. म्हणून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना, बीपी बघताना प्रत्येकाला विचारायचंच, आणि दुखण्याचा आकडा लिहून ठेवायचा.

0 ते 10 मधला आकडा शिकलेला माणूस पटकन सांगतो. आजींना नाही जमत. त्यांना मी विचारते, "आजी, रुपयात किती आणे दुखतंय?" बारा आणे म्हणाल्या की समजायचं सात-आठ. कसं दुखतंय तेही विचारा, कारण ठणका, कळ, जळजळ, मुंग्या हे सगळं वेगळंय. जखमेत ठणका वाढत चाललाय तर आत पू झालाय का बघायला हवं, आणि जळजळ-मुंग्या असतील तर दुखणं नसेचं (मज्जातंतूचं) असू शकतं, त्याला साध्या पेनकिलरने फारसा फरक पडत नाही, हे डॉक्टरांना पेशंटच्याच शब्दांत सांगा. लहान बाळ असेल तर फ्लॅक स्कोअर: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, जवळ घेतल्यावर शांत होतं का, प्रत्येकाला 0 ते 2.

महापालिकेच्या जनरल वॉर्डात हात कमी आणि पेशंट भरपूर, खाली गादी टाकून झोपलेले पण असतात. तिथे ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी द्यायची, ड्रेसिंग करताना नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय त्याला खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकवा, उशी नसेल तर चादरीची घडी, फुकटचा उपाय आहे आणि खरंच आराम पडतो. आणि नातेवाईकांनी बाहेरून आणलेली क्रोसिन दिली का ते विचारा, ती पण पॅरासिटॅमॉलच, आणि पॅरासिटॅमॉल मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, यकृत खराब असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी.

प्रायव्हेटमध्ये पीसीए पंप असतो, म्हणजे बटण दाबून पेशंट स्वतःच मॉर्फिनसारखं दुखण्याचं औषध घेतो. त्याचं बटण फक्त पेशंटने दाबायचं, हे मुलाला, सुनेला दोनदा सांगा. गुंगी आली की पेशंट आपोआप दाबायचं थांबतो, हीच त्यातली सुरक्षा, दुसऱ्याने प्रेमापोटी दाबलं की ती गेली. श्वास मिनिटाला 10 च्या खाली आला किंवा हाक मारून जागा होत नसेल तर पंप बंद, ऑक्सिजन, डॉक्टरांना बोलवा, नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) हाताशी ठेवा.

परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून आहे, तरी मॉर्फिन म्हटलं की घरचे आजही घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात दिलं तर तशी भीती फारशी नसते, हे शांतपणे बसून समजवा. साधी मॉर्फिनची गोळी दर 4 तासांनी, घड्याळाप्रमाणे, दुखेपर्यंत थांबायचं नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, नाहीतर बद्धकोष्ठाने माणूस हैराण होतो आणि गोळीच सोडून देतो.

औषध दिलं आणि गेलो असं करू नका हो. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने, गोळीनंतर तासाभराने परत जाऊन विचारा, "काकू, आता किती आणे?" बारावरून चारवर आलं तर तेही लिहा. नाही आलं तर डॉक्टरांना रात्री दोन वाजता पण फोन करा, ते ओरडले तरी करा.