इंजिनासाठी अर्थिंग वायरचा संच: तयारी आणि जोडणी

जादा अर्थिंग वायरी, म्हणजे इंजिन व बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या वायरी, जोडल्याने इंजिनाची ताकद वाढते, ही अपेक्षा ठेवू नये. जुन्या गाडीत गंजलेल्या जोडांमुळे वाढलेला रोध कमी करणे, एवढेच त्यांचे काम आहे. म्हणून आधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावावे व स्टार्टर फिरवावा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग नक्कीच कमजोर आहे.

वायर बहुतारी तांब्याची, १६ ते २५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा डोळा, क्रिम्पिंगच्या (दाबून घट्ट बसवण्याच्या) अवजारानेच दाबावा, कारण पकडीने चेपलेला लग वरून घट्ट दिसला तरी आत तारा सुट्या राहतात आणि काही महिन्यांत तिथेच हिरवट गंज चढतो. दाबलेल्या जोडावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून बसणारी) चढवावी.

जोडणीपूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. ब्लॉक, सिलिंडर हेड आणि बॉडीवरील मूळ बोल्टच वापरावेत व लगाखालचा रंग चकाकता धातू दिसेपर्यंत घासावा. बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन आपल्या माउंटवर (आधारांवर) हलत असल्याने वायरीला थोडी ढील द्यावी आणि ती एक्झॉस्ट, पट्टे व पंख्यापासून दूर बांधावी. कंपनीची मूळ अर्थिंग पट्टी काढू नये. निगेटिव्ह खुंटीवर बॅटरी सेन्सर (बॅटरीतला प्रवाह मोजणारा भाग) असल्यास नवी वायर खुंटीऐवजी बॉडीवरील अर्थ बोल्टला जोडावी, अन्यथा सेन्सरचे मोजमाप चुकते. निगेटिव्ह शेवटी जोडून तीच चाचणी पुन्हा करावी.