खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरचे पाठ ऑनलाइन नोटबुकमध्ये: कुठे चालवायचे आणि कसे चालते ठेवायचे

ॲस्ट्रोपाय, ॲस्ट्रोक्वेरी (ऑनलाइन कॅटलॉगमधून डेटा मागवणारे) किंवा लाइटकर्व्ह (ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी तपासणारे) ही पायथनची पॅकेजेस शिकवायला बसले की पहिल्या तासाचा मोठा भाग इन्स्टॉलेशनच खाऊन टाकते. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे मजकूर आणि चालवता येणारे कोडचे तुकडे (सेल) एकत्र असलेली फाइल, ऑनलाइन ठेवले तर शिकणाऱ्याने लिंकवर क्लिक करायचे आणि पहिला सेल चालवायचा, एवढेच उरते. त्यासाठी आपण काय तयारी करायची, ते इथे क्रमाने देत आहोत. अनेकजण सुरुवात होस्टिंगची सेवा निवडण्यापासून करतात. आमच्या मते सुरुवात मेमरी मोजण्यापासून करावी, कारण बाकीचे निर्णय त्यावर ठरतात.

आधी मेमरी मोजा

४०९६ × ४०९६ पिक्सेलची एक फिट्स (खगोलशास्त्रातला प्रचलित फाइल-प्रकार) प्रतिमा ३२ बिट फ्लोटमध्ये ६४ एमबी घेते आणि ६४ बिटमध्ये १२८ एमबी. पाठात मूळ प्रतिमा, पार्श्वभूमी, वजा केलेली प्रतिमा आणि गुळगुळीत केलेली प्रतिमा असे चार ॲरे (आकड्यांचे तक्ते) एकाच वेळी जिवंत असले, तर ६४ बिटमध्ये अर्धा जीबी तिथेच संपतो. फाइल उघडताना ॲस्ट्रोपाय मेमरी मॅपिंग करते, त्यामुळे फक्त लागणारा तुकडा वाचला जातो. मात्र फाइलच्या हेडरमध्ये बीझीरो किंवा बीस्केल (साठवलेले आकडे कसे बदलायचे याच्या नोंदी) असेल, तर आकडे रूपांतरित करावे लागतात आणि हा फायदा मिळत नाही. शिकवण्यापुरता ॲस्ट्रोपायचे कटआउट२डी वापरून ५०० × ५०० पिक्सेलचा तुकडा आधीच कापून ठेवा. फोटोमेट्री (ताऱ्यांचे तेज मोजणे) शिकवायला तेवढे तारे पुरेसे असतात.

मेमरी संपली की बहुधा कसलीही स्पष्ट सूचना येत नाही. कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) बंद पडले, पुन्हा सुरू होत आहे, एवढाच संदेश दिसतो आणि शिकणारा आपल्या कोडमधली चूक शोधत बसतो. म्हणून पूर्ण नोटबुक एकदा चालवून सर्वाधिक वापर किती झाला ते पाहा आणि त्याच्या दीडपट मर्यादा धरा. लोक तोच सेल दोन-तीनदा चालवतात, जुने ॲरे तसेच राहतात.

मग जागा निवडा

ज्युपिटरलाइट हा सर्वांत हलका पर्याय. यात पायथन थेट ब्राउझरमध्ये, पायोडाइडवर (ब्राउझरसाठी बनवलेले पायथन) चालते. सर्व्हर लागत नाही, गिटहब पेजेससारख्या साध्या स्थिर होस्टिंगवर काम भागते आणि वाचक कितीही आले तरी ताण येत नाही. पायोडाइडमध्ये ॲस्ट्रोपाय उपलब्ध आहे, त्यामुळे एकके, निर्देशांक आणि काळ यांचे पाठ उत्तम चालतात. अडचण नेटवर्कची आहे. ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळावरून डेटा आणू देईल की नाही, हे त्या संकेतस्थळाच्या कॉर्स परवानगीवर ठरते. म्हणून ॲस्ट्रोक्वेरीचे पाठ इथे ठेवू नका.

बाइंडर गिट रेपोमधून (फाइल्स आणि त्यांच्या बदलांचा साठा) डॉकर इमेज (लागणारे सगळे सॉफ्टवेअर बसवलेला तयार संच) बनवतो आणि प्रत्येकाला वेगळे सत्र देतो. मायबाइंडरच्या सार्वजनिक सेवेत १ जीबी रॅमची हमी आहे, २ जीबीच्या वर गेलात की कर्नल जाते. सुमारे १० मिनिटे हालचाल नसेल तर सत्र बंद होते आणि केलेले काम पुसले जाते. चहाच्या सुट्टीआधी नोटबुक डाउनलोड करून घ्यायला सांगा. एका रेपोवर एकाच वेळी १०० सत्रांची मर्यादा असते. शिवाय एफटीपी आणि एसएसएच जोडण्या बाहेर जात नाहीत, त्यामुळे कॅटलॉगचा एचटीटीपीएस पत्ताच वापरा.

गूगल कोलॅबला गूगल खाते लागते. पॅकेजेसचा मूळ संच गूगल वेळोवेळी बदलते, म्हणून पहिल्याच सेलमध्ये आवृत्ती लिहून इन्स्टॉल करा आणि नंतर रनटाइम पुन्हा सुरू करायला सांगा. ही दुसरी पायरी विसरली, तर आधीच लोड झालेली जुनी नमपाय (ॲरे हाताळणारे पॅकेज) वापरात राहते आणि चुका भलत्याच ठिकाणी दिसतात.

ठरलेल्या गटाची काही दिवसांची कार्यशाळा असेल, तर स्वतःच्या उबुंटू सर्व्हरवर लिटलेस्ट ज्युपिटरहब (टीएलजेएच, एका सर्व्हरवरून अनेकांना नोटबुक देणारे सॉफ्टवेअर) बसवा. २५ जण, प्रत्येकी १ जीबी, म्हणजे २५ जीबी. सर्व्हरचे स्वतःचे काम धरून ३२ जीबीचे मशीन घ्या. टीएलजेएच-कॉन्फिग या आज्ञेने प्रत्येकाची मेमरी मर्यादा आणि एचटीटीपीएस लावा, मग रीलोड करा. मर्यादा लावली नाही तर एकाचा मोठा ॲरे सगळ्यांचा सर्व्हर आडवा करू शकतो. निष्क्रिय सर्व्हर १० मिनिटांनी बंद करण्याची सोय मुळातच चालू असते. व्याख्यान लांबणार असेल तर ही वेळ एका तासावर न्या, नाहीतर ऐकणाऱ्यांची चलपदे हरवतील.

एन्व्हायरन्मेंट बांधून टाका

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली, तेव्हा जुन्या मालिकेवर कंपाइल केलेली अनेक पॅकेजेस इम्पोर्टलाच अडली. आवृत्ती न लिहिलेले पाठ असेच एका रात्रीत मोडतात. एन्व्हायरन्मेंट डॉट वायएमएल फाइलमध्ये कोंडा-फोर्ज चॅनल (पॅकेजेस जिथून घ्यायची ती जागा), पायथनची आवृत्ती आणि थेट वापरात असलेली पॅकेजेस आवृत्तीसह लिहा. ही फाइल असताना बाइंडर रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी या पॅकेजेसच्या दुसऱ्या यादीकडे पाहत नाही, तेव्हा दोन्ही ठेवून गोंधळ करू नका. रेपोमध्ये बाइंडर नावाचा फोल्डर असेल, तर बाहेरच्या सेटिंग फाइल्सही दुर्लक्षित होतात.

प्रत्येक कमिटनंतर (रेपोत नोंदवलेल्या बदलानंतर) बाइंडर नवी इमेज बांधतो, मग बदल एका स्वल्पविरामाचा का असेना. कार्यशाळेच्या सकाळी केलेली दुरुस्ती पहिल्या माणसाला बराच वेळ थांबवते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन रेपो. एकात फक्त एन्व्हायरन्मेंट, दुसऱ्यात नोटबुक, आणि लिंक एनबीगिटपुलरने बनवलेली, म्हणजे सत्र उघडताना ताजी नोटबुक आणली जातात. मजकूर हवा तितका बदला, इमेज तीच राहते. एनबीगिटपुलर हे पॅकेज एन्व्हायरन्मेंटच्या यादीत टाकायला मात्र विसरू नका.

डेटा आणि बाहेरच्या सेवा

गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि गिटमध्ये एकदा शिरलेली फिट्स फाइल पुसली तरी इतिहासात राहते. मोठा डेटा झेनोडो या संशोधन-डेटाच्या ऑनलाइन भांडारात ठेवा, डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) मिळेल. तिथून तो इमेज बांधताना चालणाऱ्या पोस्टबिल्ड स्क्रिप्टने उतरवा म्हणजे इमेजमध्येच बसेल. ही स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे करून घ्या, नाहीतर बिल्ड तिथेच थांबते.

खरी कसोटी थेट प्रश्न विचारणाऱ्या सेल्सची. एका हबवरचे तीसजण एकाच क्षणी सिंबाड या खगोलीय वस्तूंच्या डेटाबेसला विचारतात, तेव्हा सिंबाडला ती सगळी गर्दी एकाच आयपी पत्त्यावरून आलेली दिसते. वेग मर्यादेपलीकडे गेला तर तो पत्ता काही काळ अडवला जातो. ॲस्ट्रोपायच्या स्कायकोऑर्डला नावावरून स्थान शोधायला लावणारी ओळही सेसमी या सेवेकडे जाते. ते एकदा दाखवा, पण पुढच्या सेलमध्ये आकडेच लिहा: एम३१ (देवयानी दीर्घिका) साठी विषुवांश १०.६८४७ आणि क्रांती ४१.२६९ अंश. प्रत्येक क्वेरीचे उत्तर व्हीओटेबल (खगोलीय तक्त्यांचा फाइल-प्रकार) म्हणून रेपोत ठेवा, आणि सेवा न मिळाल्यास तीच फाइल वाचली जाईल अशी सोय करा.

आणखी एक सापळा आयईआरएसचा (पृथ्वीच्या परिवलनाच्या नोंदी ठेवणारी संस्था). क्षितिजसापेक्ष निर्देशांक काढताना ॲस्ट्रोपायला पृथ्वीच्या परिवलनाचे ताजे तक्ते लागतात. काही महिन्यांपूर्वी बांधलेल्या इमेजमध्ये ते जुने असतात. नेट नसले तर अंदाज ३० दिवसांपेक्षा जुने असल्याची चूक दाखवून सेल थांबतो. ऑटो मॅक्स एज हे ॲस्ट्रोपायचे सेटिंग नन (None) करा. निरीक्षणाची आखणी शिकवण्यापुरती अचूकता तेव्हाही मिळते, आणि हा बदल का केला ते नोटबुकात लिहा, म्हणजे कुणी तो संशोधनाच्या कोडमध्ये डोळे झाकून नेणार नाही.

तपासणी

एनबीकन्व्हर्ट या ज्युपिटरच्या साधनाच्या एक्झिक्यूट पर्यायाने नोटबुक कोऱ्या कर्नलमध्ये वरपासून खालपर्यंत चालवा. सेल उलटसुलट क्रमाने चालवून लिहिलेला पाठ इथे लगेच उघडा पडतो. हीच तपासणी गिटहब ॲक्शन्समध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणारी सोय) आठवड्यातून एकदा लावा, कारण कोड न बदलताही बाहेरच्या सेवा बदलतात. कमिट करण्याआधी एनबीस्ट्रिपआउटने आउटपुट काढा, नाहीतर चित्रांनी रेपो फुगतो.

शेवटची तपासणी कार्यशाळेच्या जागेवरच, तिथल्या वायफायवरून आणि ब्राउझरच्या खासगी विंडोमधून करा. ज्युपिटर वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत चालू जोडणी) चालते, आणि काही संस्थांचे प्रॉक्सी ते अडवतात. तेव्हा पान व्यवस्थित उघडते, पण कर्नल कायम जोडणीच्या प्रतीक्षेत राहते. असे दिसले तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हबचा पत्ता देऊन वेबसॉकेट मोकळे करून घ्या. ते जमले नाही तर मोबाइल हॉटस्पॉटची सोय हाताशी ठेवा.