गाण्याच्या व्हिडिओत ओठ हळूहळू मागे पडत असतील तर

फुटाळा तलावाच्या काठावर मोबाइलवर गाणं शूट केलं. स्पीकरवर ट्रॅक वाजतोय, गायक ओठ हलवतोय. एडिटिंगमध्ये पहिल्या ओळीला ओठ अचूक जुळतात, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत स्पष्ट मागे पडतात.

क्लिप सरकवून पाहिली, तुकडे करून पाहिले, गाण्याची एमपीथ्री बदलून वेव्ह घेतली. फरक शून्य. डोकं पार आउट झालं होतं.

दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) टिपली जातात त्याचा निघाला. मोबाइल बहुतेकदा व्हेरिएबल (बदलत्या) फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो: उजेड कमी झाला की फ्रेम कमी. काही एडिटर सगळ्या फ्रेम समान अंतराच्या धरतात, म्हणून चूक साचत जाते. क्लिप सुरुवातीपासूनच उशिरा असेल तर मात्र हे कारण नाही, नुसती सरकवा.

आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘फ्रेम रेट मोड’ बघा. ‘व्हेरिएबल’ दिसलं तर फाइल हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये घ्या. व्हिडिओ टॅबमध्ये मोबाइलवर ठेवलेलाच फ्रेम रेटचा आकडा निवडा (माझा ३०) आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिचकी मारा. क्वालिटी आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८. ऑडिओ टॅबमध्ये सॅम्पल रेट ४८ (किलोहर्ट्झ). मोबाइलचा आवाज काढू नका, कितीही गचाळ असला तरी. जुळवणी त्याच्यावरच होते. फाइल कन्व्हर्ट झाली की एडिटरमध्ये नवीन प्रोजेक्ट त्याच फ्रेम रेटचा (माझा ३०) करा, त्यानंतरच ही नवी क्लिप आणा. टाळीचा किंवा पहिल्या ठोक्याचा उंचवटा मूळ गाण्याच्या वेव्हफॉर्मशी (आवाजाच्या आलेखाशी) जुळवा, शेवटचा ठोका तपासा. तोही जुळला की मोबाइलचा आवाज म्यूट.